मालकाचं पहिलं ताट

हेडाऊंच्या सावजी खानावळीचं दार उघडण्याआधी आत एक ताट वाढलं जायचं आणि ते मालकाचं असायचं. ही रीत गुणवंतरावांच्या वडिलांनी, दौलतबापूंनी पाडलेली. जे मी खाल्लं नाही ते गिऱ्हाईक खाणार नाही, असं ते म्हणायचे, आणि नुसतं म्हणायचे नाहीत. गंजातल्या, म्हणजे मोठ्या पातेल्यातल्या, रश्श्यावर तर्री आली की मालकाने स्वतः पळी घालून तळातून घ्यायचं. बायकोने वाढलेलंसुद्धा चालायचं नाही, कारण मायेचं माणूस चांगले तुकडे निवडून देतं आणि गिऱ्हाइकाला तसं कोणी देत नाही. पाटावर बसायचं, ताट पुसून खायचं, हात धुवायचा आणि मग दाराची कडी काढायची. अंगात ताप असला तरी यात खंड नाही. दौलतबापू गेल्यावर गुणवंतरावांनी हे तसंच पुढे चालवलं. गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत लोक त्या कडीच्या आवाजावर जेवायला निघायचे.

आता सावजी मटण ज्याने खाल्लं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. काळाभोर रस्सा, वर जवसाच्या तेलाची लाल तर्री, आणि मसाला असा की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी येतं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्याला माणूस म्हणतो, अजून आण. २०४३ साल उजाडलं तोवर नागपूरचा उन्हाळा पन्नाशीला टेकू लागला होता. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही, तरी हेडाऊंच्या बाकांवर जागा नसायची. घाम पुसत, सुस्कारे टाकत लोक खायचे. नागपूरकराला उन्हाळ्यात ताक प्या म्हणून सांगणारा कोणी भेटला तर तो बाहेरगावचा समजावा.

त्या ताटानेच गुणवंतरावांचा घात केला. दिवाळीनंतर एका सकाळी ते जेवून कडी काढायला उठले आणि दारातच खाली बसले. हृदयाच्या वाहिन्यांत जाळ्या बसवून डॉक्टरांनी त्यांना परत आणलं आणि दंडावर एक पट्टी चिकटवून दिली. पट्टी नाण्याएवढी, कातडीखालच्या पाण्यातून रक्ताचा हालहवाल वाचणारी. रक्तातली चरबी किती, सूज किती, सगळं मोजून ती एक रंग दाखवायची आणि तोच रंग मुलीच्या फोनवरही उमटायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे काय ते सांगायला नको. गुणवंतरावांची पट्टी लावल्या दिवसापासून लाल होती.

डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन समजावलं. मटणातली चरबी हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की तांबड्या मांसातला एक पदार्थ आपल्या आतड्यातले जंतू आवडीने खातात, आणि त्यांनी टाकलेला वायू यकृतात पोचला की त्याचं असं रसायन बनतं जे रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून खरखरीत करतं. मग तिथे कचरा साचतो. चाळीस वर्षं रोज हेच चाललंय. मटण सोडलं तर जंतूंची वस्ती बदलेल आणि माणूस सावरेल. नाही सोडलं तर पुढच्या दिवाळीची खात्री मी देत नाही, असं ते म्हणाले.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गुणवंतराव शांतपणे म्हणाले की मग दारही उघडू नका. कुंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, परोपरीने विनवलं. तुम्ही बेसनाची पाटोडी खा, गिऱ्हाइकाला मटण वाढू. ते म्हणाले, मी नाही खाल्लं ते लोकांना कसं वाढू? खानावळ बंद करायचं म्हटलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. या माणसाला समजावणं म्हणजे डोकं फोडून घेणं. तिसऱ्या दिवशी ते पाटावर येऊन बसले, हाताने पळी घातली आणि खाल्लं. पट्टी आणखी लाल झाली.

त्यांची मुलगी यामिनी हे सगळं उंबऱ्यात उभी राहून बघत होती. आता यामिनीची गंमत अशी की सावजी खानावळीत वाढलेली ही पोरगी कॉलेजात असल्यापासून मटणाला शिवली नव्हती. अन्नशास्त्र शिकताना तिने एक हिशेब केला होता आणि तो तिच्या घशाखाली उतरेना. पूर्वी बकऱ्या माळावर चरायच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता माळ करपले होते. बंद गोठ्यातल्या बकऱ्यांना मका आणि सोयाबीन घालावं लागायचं, आणि त्या मक्याला कुठल्या तरी धरणाचं पाणी. पोतंभर दाणे घालावेत तेव्हा पिशवीभर मटण हाती यायचं. शिवाय रवंथ करणारं प्रत्येक जनावर ढेकरेतून जो वायू सोडतं तो आभाळ तापवतो. बाहेर पन्नास अंश, आणि आत आपण त्यातच लाकडं सारतो आहोत, असं तिला वाटायचं. घरात तिची भरपूर थट्टा व्हायची. गुणवंतराव गिऱ्हाइकांना सांगायचे की हलवायाच्या घरी मधुमेही जन्मला आहे.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लहानशा प्रयोगशाळेत ती काम करायची, आणि काम होतं लाखोळीवर.

लाखोळी ही भंडारा-गोंदियाकडची डाळ. धान कापायच्या आधी, शेताच्या बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात तिचं बी फेकून द्यायचं. नांगर नको, खत नको, पाणी नको. धान निघून जातं आणि खालून लाखोळी वर येते. वर जमिनीला नत्र देऊन जाते ते वेगळंच. असं गुणी पीक बदनाम झालं ते त्याच्या दाण्यातल्या विषामुळे. चार डाळींत मिसळून खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण दुष्काळात गरिबाच्या घरी दुसरं काही नसायचं, महिनोन् महिने फक्त लाखोळी, आणि मग तरण्याताठ्या माणसांचे पाय कमरेपासून लाकूड व्हायचे. यामिनीच्या प्रयोगशाळेने दाण्यात ते विष तयार करणारा जनुकच मिटवला होता. पुष्कळ चाचण्या झाल्या, सरकारी मंजुरी मिळाली, आणि आता त्या डाळीतून मटण करायचं काम चाललं होतं.

ते होतं असं. डाळीतलं प्रथिन वेगळं काढून तापवायचं आणि दाबाखाली एका लांब, थंड होत जाणाऱ्या नळीतून ढकलायचं. मग त्याचे धागे बनतात, मांसाला असतात तसे. पण रंग आणि चव धाग्यात नसते, ती रक्तात असते. रक्ताला लाल करणारा लोखंडाचा जो रेणू, त्याचा सख्खा भाऊ डाळीच्या मुळांत राहतो. लाखोळीचं रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल दिसतं, ते त्याचंच. प्रयोगशाळेत तो रेणू यीस्टकडून टाकीभर करून घ्यायचे. चरबीच्या जागी जवस आणि खोबरं. यामिनीची स्वतःची कमाल म्हणजे हाड. कॅल्शियम आणि स्टार्च दाबून तिने अशी नळी बनवली होती की आतला गर तोंड लावून ओढता यायचा. नळी चोखली नाही तर नागपूरकराला मटण खाल्ल्यासारखं वाटत नाही, हे हिंगण्यात फक्त तिलाच माहीत होतं.

हे ती वडिलांना सरळ सांगू शकत होती. पण लाखोळी हा शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. गुणवंतरावांचे चुलत आजोबा, सोमाजी, दुष्काळात भंडाऱ्याकडे मजुरीला गेले होते. मजुरीत लाखोळी मिळायची. परत आले ते दोन काठ्यांवर, आणि पुढचं सगळं आयुष्य मागच्या अंगणात बसून काढलं. गुणवंतराव लहानपणी त्यांना धरून न्हाणीत न्यायचे. मरताना सोमाजींनी सांगितलं होतं की ही डाळ या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका.

यामिनीने उंबरा ओलांडला तो होळीच्या सुमाराला. आजारपणापासून मटण आणायला बाजारात तीच जायची, आणि चुलीवर कुंदाबाई. वडिलांच्या एका ताटात वेगळं काही घालता येत नव्हतं, कारण ते पळी स्वतःच घालायचे, तीही तळातून. म्हणजे ताट बदलायचं तर अख्खा गंज बदलायला हवा होता. मायलेकींनी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलून ठरवलं. कुंदाबाई रडल्या आणि म्हणाल्या की तो माणूस जिवंत राहिला तर मी वरच्याला जाब देईन. त्या सकाळपासून गंजात बकरं गेलं नाही.

पहिल्या दिवशी गुणवंतराव पाटावर बसले तेव्हा यामिनी उंबऱ्यातच उभी राहिली. त्यांनी घास घेतला, चावला, थांबले. मटण कोवळं आहे का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. थोडं कमी लागून राह्यलं, ते म्हणाले, डॉक्टरच्या गोळ्यांनी जीभ मारली माझी. मग नळी उचलून ओढली, ताट पुसलं आणि कडी काढली. बाकांवरच्या कोणालाही काही कळलं नाही. त्या मसाल्यात चपलेचा तळ शिजवला असता तरी एखादा म्हणाला असता, अजून आण.

उन्हाळा सरता सरता पट्टी पिवळी झाली आणि पावसाळ्यात हिरवी. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. यामिनीने त्यांना खरं सांगितलं होतं, आणि घरी सांगून टाका असं तेही दर वेळी बजावायचे. ती दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलायची. सांगितलं की बाबा ताट लोटतील, पट्टी पुन्हा लाल होईल, आणि मग काय, हा विचार तिला पुढे जाऊ द्यायचा नाही. त्यातच गुणवंतराव जिना न थांबता चढायला लागले, मागच्या अंगणात फेऱ्या मारायला लागले, कुंदाबाईंशी भांडायलासुद्धा लागले. घरात आनंद होता आणि यामिनीला झोप नव्हती.

गुणवंतरावांनी या सगळ्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. ते बाही वर करून गिऱ्हाइकाला हिरवी पट्टी दाखवायचे. डॉक्टर म्हणे मटण सोड. मी रोज खाऊन राह्यलो, आणि रक्त पहा माझं. सावजी मसाला चरबी जाळतो, दौलतबापू हेच सांगायचे. ऐकणारे माना डोलवायचे. ज्याला मटण खायचंच आहे त्याला असा पुरावा मिळाला तर तो कशाला सोडेल?

सगळ्यांत जास्त मान डोलवली ती भैयाजी निमज्यांनी. हे गुणवंतरावांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांनाही जाळ्या बसल्या होत्या, आणि बिचारे वर्षभर मुगाची खिचडी खात होते. गुणवंताची पट्टी पाहिली आणि त्यांनी खिचडीला रामराम ठोकला. खानावळीत ते आठवड्यातून एखादा दिवस यायचे, पण घरी, पोराच्या सासुरवाडीत, लग्नाकार्यात, जिथे मिळेल तिथे त्यांनी हात मारला. तिथल्या गंजांत अर्थातच बकरं होतं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात भैयाजी न्हाणीत कोसळले.

दवाखान्यात ते वाचले, पण अर्धं अंग लुळं पडलं. गुणवंतराव बघून आले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. कुंदाबाईंनी चहा दिला तो तसाच निवला. ते सारखं एकच बोलत होते की मसाला तोच, मटण तेच, वय तेच, मग तो का पडला आणि मी कसा उभा? यामिनी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोनदा परत फिरली. भैयाजीकाकांच्या खांद्यावर बसून तिने लहानपणी मारबतीची मिरवणूक पाहिली होती.

आता इथे कुत्र्यांचं सांगायला हवं. खानावळीच्या मागच्या दाराशी दुपार कलली की गल्लीतली कुत्री जमायची. ताटांतली हाडं तिथे टाकायची पद्धत दौलतबापूंच्या काळापासून. माणसाच्या जिभेची, डोळ्याची, दाताखालच्या कुरकुरीची, सगळ्यांची यामिनीने सोय केली होती. कुत्र्यांचा विचार तिने केला नव्हता. उन्हाळ्यात ती येईनाशी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं की उन्हाने गेली असतील. पावसाळ्यात गल्लीत कुत्री परत दिसू लागली, पण हेडाऊंच्या मागच्या दाराकडे एकही फिरकेना. अंगणात फेऱ्या मारणाऱ्या गुणवंतरावांनी हे पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. भैयाजींना बघून आल्यावर त्यांना ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी ताट खाताना त्यांनी एक नळी बाजूला ठेवली. तोंड लावलं नाही. जेवण झाल्यावर ती घेऊन ते मागच्या दाराला गेले आणि यामिनीला हाक मारली. ती आली तेव्हा ते पायरीवर बसले होते. समोर त्यांनी गल्लीतून चुचकारून आणलेलं एक काळं कुत्रं होतं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. त्यांनी तिच्यादेखत नळी कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने नाक लावलं, एकदा चाटलं, गुणवंतरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि निघून गेलं.

"उपाशी कुत्रं माह्या हातची नळी सोडून गेलं," ते म्हणाले. "मले सांग यामे, गंजात काय आहे?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी तिला जमलं नसतं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"लाखोळी आहे, बाबा."

गुणवंतरावांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पंजे हलवून पाहिले. मग त्यांची नजर अंगणातल्या त्या कोपऱ्याकडे गेली जिथे सोमाजी बसायचे. यामिनीने सगळं सांगितलं, होळीपासूनचं. विष कसं काढलं, चाचण्या कशा झाल्या, आपण स्वतः आधी किती दिवस खाऊन पाहिली, पट्टी हिरवी का झाली. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. ती थांबल्यावर ते बोलले, आणि त्यांचा आवाज फार खाली गेला होता.

"भैयाजीले मी म्हटलं का खा. माह्या रक्ताची साक्ष दिली त्याले. ती साक्ष खोटी होती, अन् मलेच माहीत नव्हतं."

"तुम्ही गेले असते, बाबा," यामिनी म्हणाली. तिला रडू आवरेना. "मी बघत बसायला हवं होतं का?"

"मले विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं तुम्ही?"

"नाही," ते म्हणाले. "तरी विचारायचं होतं."

मग ते उठून आत गेले आणि त्यांनी कडी काढलीच नाही. खानावळ बंद राहिली. दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याला गंज चढत नाही, घरात पुरणपोळी होती आणि ती कोणाच्या घशाखाली उतरली नाही. गुणवंतराव भैयाजींकडे जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. कुंदाबाईंनी चार वेळा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की त्याला सगळं सांगून आलो. तो हसला का रडला ते तोंड वाकडं झाल्यामुळे कळलं नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. विदर्भात करीच्या दिवशी ज्याच्या घरी मटण शिजत नाही तो एक तर माळकरी किंवा आजारी. खानावळीपुढे सकाळपासून रांग लागते, गल्लीच्या तोंडापर्यंत. त्या पहाटे गुणवंतराव आजारपणानंतर पहिल्यांदाच स्वतः बाजारात गेले आणि बकऱ्याचं मटण घेऊन आले. चुलीवर दोन गंज चढवा, असं त्यांनी कुंदाबाईंना सांगितलं. एकात हे. दुसऱ्यात पोरीचं ते. मसाला दोन्हीत एकच. कुंदाबाईंनी दुसरी चूल पेटवली.

तर्री आल्यावर ते पाटावर बसले नाहीत. आधी रस्त्याकडची खिडकी उघडून त्यांनी रांगेला हाक दिली. होळीपासून या खानावळीत तुम्ही बकरं खाल्लेलं नाही, लाखोळी खाल्ली आहे, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. ती विषारी राहिलेली नाही, सरकारने पास केली आहे. पण मी तुम्हाला मटण म्हणून वाढली ही माझी चूक. पट्टी हिरवी झाली ती मटणाने नाही, मटण सोडल्याने. ज्याने माझं ऐकून खाल्लं असेल त्याने आजच डॉक्टरकडे जावं. आज दोन गंज आहेत. ज्याला जे पाहिजे ते मागून घ्या.

मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात यामिनी ऐकत होती, आणि ते चूक माझी म्हणाले तेव्हा तिला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. बाहेर लोक एकमेकांकडे बघू लागले. मग गलका. काही जण शिव्या घालत निघून गेले, त्यांचा हक्कच होता. एक म्हातारा म्हणाला की माझा धर्म बुडाला असता तर मी समजू शकलो असतो, इथे तर उलटंच झालं. मागून एक तरणा गडी म्हणाला की म्हणजे मटण नको म्हणून मी सोमवारी उगाच उपाशी बसलो, तेव्हा थोडं हसू फुटलं. रांग निम्म्यावर आली, पण मोडली नाही. लोक कडीच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले.

गुणवंतराव आत आले. कुंदाबाईंना त्यांनी दोन पाट मांडायला लावले होते. दोन ताटं घेऊन त्यांनी दोन्ही गंजांत पळी घातली, तळातून, आणि एकेक ताट एकेका पाटापुढे ठेवलं. मग ते बसायला लागले तेव्हा यामिनीला कळलं की ते दोन्ही ताटं खाणार आहेत. आज आणि उद्या, आणि रोज. रीत तीच होती. जे मी खाल्लं नाही ते गिऱ्हाईक खाणार नाही, आणि आता गिऱ्हाईक दोन्ही खाणार होतं.

यामिनीला वाटलं की हे सगळं फुकट गेलं. होळीपासूनचं खोटं, भैयाजीकाकांचं अंग, सगळं वाया गेलं, आणि पट्टी आठ दिवसांत पुन्हा लाल होणार. बकऱ्याचा गंज बंद करा म्हणायला तिला आता तोंड नव्हतं. लोकांना निवडू न देता ती एकदा निवडून बसली होती. तिने फार विचार केला असं नाही. ती पुढे झाली, बकऱ्याच्या ताटापुढच्या पाटावर बसली आणि ताट आपल्याकडे ओढलं.

"रीत मालकाची आहे ना?" ती म्हणाली. "मग आजपासून मालक दोघं. हे ताट रोज माझं."

ही पोरगी मटणाच्या पातेल्याला हात लावला तरी साबणाने धुवायची, हे गुणवंतरावांना माहीत होतं. पुरं ताट पुसून खावं लागतं, अर्धं टाकता येत नाही, एवढंच ते म्हणाले. तिने मान हलवली. ते लाखोळीच्या ताटापुढे बसले.

पहिला घास तिच्या तोंडात फिरला आणि खाली जाईना. कॉलेजातला तो हिशेब, माळ, मका, धरणाचं पाणी, सगळं त्या एका तुकड्यात आलं होतं आणि ती ते चावत होती. डोळ्यांतून पाणी आलं ते मसाल्याचं की कशाचं, हे तिला तरी कुठे ठाऊक. गिळलं. दुसरा घास घेतला. शेजारी वडील आपल्या ताटातलं खात होते आणि तिच्याकडे बघत नव्हते, याबद्दल तिला फार बरं वाटलं. शेवटी नळी उरली. तीही तिने तोंडाला लावून ओढली, लहानपणी ओढायची तशी, आणि भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं.

"आता खरं सांग," गुणवंतराव म्हणाले. "कोणतं चांगलं?"

होळीपासून रोज या पाटाशी तिने खोटं उत्तर दिलं होतं. आजही एक सोपं उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि त्या उत्तराने तिचं काम, तिची लाखोळी, वडिलांची समजूत, सगळ्यांचं भलं झालं असतं.

"हे," ती म्हणाली. "बकऱ्याचं. गर माझ्या नळीत तसा उतरला नाही."

गुणवंतरावांनी आपल्या ताटातली नळी उचलून उजेडात धरली, पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणजे गोळ्यांनी जीभ गेली नव्हती तर, असं ते स्वतःशीच पुटपुटले. कुंदाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"मग तुह्यं काम बाकी आहे," ते म्हणाले. "गर जमव. तो जमला का हा बकऱ्याचा गंज मी स्वतः चुलीवरून उतरवतो."

यामिनी आपल्या ताटातली हाडं घेऊन मागच्या दाराशी गेली. ते काळं कुत्रं भिंतीजवळ उभं होतं. तिने नळी टाकली, कुत्र्याने ती वरच्या वर झेलली आणि पळालं. ती आत आली, हात धुतला आणि जाऊन दाराची कडी काढली.